माउली की देवी? ख्रिस्ती अध्यात्मातल्या स्त्रीरूपाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबरात वांद्र्याची टेकडी चढणाऱ्यांत आणि बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये उभं राहणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले लोक कायमच भरपूर असतात. हार आणतात, मेणबत्ती लावतात, नवस बोलतात आणि मग कधीतरी विचारतात, की ही मारिया, म्हणजे मेरी, नेमकी कोण? खालची उत्तरं मुख्यतः कॅथलिक परंपरेला धरून आहेत, कारण मुंबईत हा विषय बहुतेकांना तिथूनच भेटतो. इतर पंथ वेगळं मानतात तिथे तसं सांगितलं आहे.

मारिया ही ख्रिस्ती लोकांची देवी आहे का?

नाही. ती माणूस आहे: गालीलातल्या नाझरेथ गावची यहुदी मुलगी, येशूची आई. चर्चने तिला कितीही वर नेलं तरी ही रेघ ओलांडलेली नाही.

त्यासाठी ग्रीकमधून आलेले तीन शब्द वापरतात. देवाची आराधना ती 'लात्रिया', संतांना द्यायचा मान तो 'दुलिया', आणि संतांमध्ये मारियेला सर्वात जास्त मान, म्हणून तिच्यापुरता 'हायपरदुलिया'. आराधना आणि मान यांतला हा फरक ७८७ साली निकेयाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने मूर्ती-चित्रांच्या वादात पक्का केला. मराठीत मात्र घोटाळा होतो. आपल्याकडे दसऱ्याला वह्या-पुस्तकांची, अवजारांचीही पूजा होते. 'पूजा' या एका शब्दात आराधना आणि मान दोन्ही मावतात. त्यामुळे कोणी "मेरीची पूजा करतात" म्हटलं की म्हणणाऱ्याच्या मनात एक आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरं असतं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रार्थनेतलं क्रियापद. मारियेची लितानी, म्हणजे एकेक नाव घेत म्हणायची प्रार्थना, ऐका. सुरुवातीला देवाला उद्देशून येतं 'आमच्यावर दया कर'. मग मारियेची नावं सुरू होतात (ज्ञानाचं आसन, गूढ गुलाब, पहाटेचा तारा) आणि प्रत्येक नावापुढे येतं 'आमच्यासाठी विनंती कर'. दया करणारा एक, विनंती करणारी दुसरी. लोरेतोची म्हणून ओळखली जाणारी ही लितानी पोपने १५८७ साली मान्य केली आणि तिच्यात अजूनही भर पडते. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तीन नावं घातली, त्यांतलं एक 'स्थलांतरितांचा आधार'. मुंबईला हे नाव फार लवकर आपलंसं वाटावं.

लोकांचा पाय या रेघेवरून घसरतो हे चर्चला जुनंच माहीत आहे. अरबस्तानात काही स्त्रिया मारियेच्या नावाने लहान लहान रोट्या अर्पण करतात, अशी तक्रार सलामीसचा बिशप एपिफेनियस चौथ्या शतकात करतो. मारियेला मान द्या, आराधना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचीच, असा त्याचा निवाडा.

मग देव पुरुष आहे का? 'पिता'च का म्हणतात?

देवाला लिंग नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २३९वा परिच्छेद हे स्पष्ट सांगतो: देव ना पुरुष ना स्त्री, तो देव आहे, आणि त्याची माया आईच्या रूपकातूनही सांगता येते. 'पिता' ही हाक येशूने शिकवलेली आहे, म्हणून प्रार्थनेत तीच चालते. पण बायबलमध्ये देवासाठी आईची चित्रं जागोजाग आहेत. शोधायला सोपं जावं म्हणून पत्ते देतो:

यशया ४९:१५ मध्ये देव विचारतो, की तान्ह्या लेकराला आई विसरेल का? आणि ती विसरली तरी मी विसरणार नाही. यशया ४२:१४ मध्ये तो प्रसववेदनांतल्या बाईसारखा ओरडतो. ६६:१३ मध्ये आईसारखा समजूत घालतो. अनुवाद ३२:१८ मध्ये इस्राएलला जन्म देणारा देव आहे. स्तोत्र १३१ मध्ये अंगावरचं दूध तुटलेलं मूल आईजवळ शांत पडलेलं आहे. होशेयच्या ११व्या अध्यायात चालायला शिकवणं, उचलून घेणं, भरवणं आहे. मत्तय २३:३७ मध्ये येशू स्वतःला पंखांखाली पिल्लं घेणारी कोंबडी म्हणतो, आणि लूक १५:८ मध्ये हरवलेलं नाणं दिवा लावून, घर झाडून शोधणारी बाई देवाच्या जागी आहे. शेवटचं चित्र प्रवचनांत फारच कमी ऐकू येतं. त्याच अध्यायातला मेंढपाळ आणि उधळ्या मुलाचा बाप मात्र सगळ्यांना पाठ असतात.

एक सावधगिरी. या ओळी उपमा आणि रूपकं आहेत. 'हे आई' अशी देवाला थेट हाक बायबलमधल्या कुठल्याही प्रार्थनेत येत नाही, त्यामुळे 'बायबलचा देव मुळात माताच होता आणि पुरुषांनी ते दडवलं' हे म्हणणं या ओळींवर उभं राहत नाही. पण देव केवळ बापासारखा, हेही उभं राहत नाही. पोप जॉन पॉल पहिले यांनी १० सप्टेंबर १९७८ रोजी जमलेल्या लोकांना सांगितलं, की तो आपला पिता आहे, त्याहूनही अधिक आई आहे. तेव्हा पुष्कळांच्या भुवया उंचावल्या, पण ते यशयावरच बोलत होते.

पवित्र आत्मा स्त्रीरूप आहे असं वाचलं. खरं का?

व्याकरणापुरतं खरं. हिब्रूतला 'रुआख' हा शब्द बहुधा स्त्रीलिंगी वापरला जातो, सिरियाक भाषेतला 'रुहा'ही तसाच. ग्रीकमध्ये 'प्न्यूमा' नपुंसकलिंगी, लॅटिनमध्ये 'स्पिरितुस' पुल्लिंगी, आणि मराठीत 'आत्मा' पुल्लिंगी. भाषा बदलली तसं लिंग बदललं. मात्र सुरुवातीच्या सिरियाक लेखकांनी याचा फायदा घेतला. चौथ्या शतकातला अफ्राहात आत्म्याला आई म्हणतो. त्याच सिरियाक परंपरेतून आलेली केरळी ख्रिस्ती मंडळी मुंबईत आहेत, पण पुढे तिथेही हा शब्द पुल्लिंगी वापरला जाऊ लागला.

'सोफिया' म्हणजे कोण?

देवाचं ज्ञान, बाईच्या रूपात. नीतिसूत्रे ८ वाचा: ती रस्त्याच्या चव्हाट्यावर, वेशीजवळ उभी राहून हाका मारते, जग घडत होतं तेव्हा ती देवाजवळ होती. नवव्या अध्यायात ती सात खांबांचं घर बांधते, जेवण मांडते आणि भोळ्यांना बोलावते. हिब्रूत 'होखमा', ग्रीकमध्ये 'सोफिया', दोन्ही स्त्रीलिंगी.

मराठी वाचकाची इथे हमखास चुकामूक होते. मराठी बायबलमध्ये या जागी 'ज्ञान' हा शब्द आहे, आणि ज्ञान 'ते' असतं, 'ती' नसते. त्यामुळे मूळ मजकुरातली ठसठशीत बाई भाषांतरात विरघळते. वाचताना 'ज्ञान'च्या जागी मनात 'प्रज्ञा' ठेवून पाहा, अध्याय एकदम वेगळा वाटतो. दुसरी अडचण अशी, की तिच्याविषयीचे दोन सुंदर अध्याय (सिराख २४ आणि ज्ञानग्रंथ ७) फक्त कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये आहेत. तुमच्या हातातलं बायबल ६६ पुस्तकांचं असेल तर ते सापडणार नाहीत. ७३ पुस्तकांची प्रत लागेल.

ही सोफिया पुढे गेली कुठे? नव्या करारात पौल ख्रिस्तालाच देवाचं ज्ञान म्हणतो (१ करिंथ १:२४). इस्तंबूलची हागिया सोफिया, मुळात चर्च म्हणून बांधलेली वास्तू, कुणा सोफिया नावाच्या संतिणीची नव्हती, ती ज्ञानरूप ख्रिस्ताची होती. नंतर हीच वचनं मारियेच्या सणांनाही वाचली जाऊ लागली. बाराव्या शतकात जर्मनीची हिल्डेगार्ड हिने तर ज्ञान आणि प्रेम या दोघींना आपल्या दर्शनांत बाईच्या रूपातच पाहिलं. २०१२ मध्ये तिला चर्चच्या आचार्यपदाचा मान मिळाला. हे पद मिळालेल्या स्त्रिया आजवर चारच: आविलाची तेरेसा, सिएनाची कॅथरीन, लिझ्यची तेरेजा आणि ती.

येशूला 'आई' म्हणणं चालतं का?

चालतं, आणि म्हणणारे साधेसुधे लोक नव्हते. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म (१०३३–११०९) आपल्या प्रार्थनेत येशूला आई म्हणतो. इंग्लंडमधल्या नॉर्विचची ज्युलियन त्याहून पुढे गेली. १३७३ च्या मे महिन्यात, तिशीत, मरणाच्या दारात असताना तिला सोळा दर्शनं झाली, आणि त्यांचा अर्थ लावण्यात तिने पुढची कित्येक वर्षं घालवली. तिचा मुद्दा अगदी घरगुती आहे: आई बाळाला आपलं दूध देते, येशू तर कम्युनियनमध्ये (उपासनेत दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीत) स्वतःलाच भरवतो, क्रुसावरच्या वेदना या प्रसूतीच्या वेदना आहेत. ती त्याला आई म्हणते, पण सर्वनाम 'तो'च ठेवते.

इंग्रजी वाचकाला हे विचित्र वाटतं, आपल्याला वाटू नये. ज्ञानेश्वरांना माउली म्हणताना कुणाला व्याकरण आठवत नाही, आणि विठ्ठलाची विठाई होते तेव्हा तो पुरुष की स्त्री असा वाद पंढरीच्या वाटेवर कुणी घालत नाही. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हाच धागा उचलला. त्यांच्या भजनांत ख्रिस्त गुरुमाउली होऊन येतो. 'देवी' हा शब्द एक वेगळी शक्ती, वेगळं दैवत सांगतो. 'माउली' हा शब्द नातं सांगतो. ख्रिस्ती अध्यात्मातलं मातृरूप मराठीत सांगायचं तर 'माउली' हाच शब्द बरोबर बसतो, मारियेसाठीही आणि देवासाठीही.

मोत माउली आणि माउंट मेरी एकच का?

हो, वांद्र्याच्या टेकडीवरची बॅसिलिका. 'माउंट'चं कोळी तोंडी 'मोत' झालं असावं. 'मोत्याची माउली' असाही अर्थ लावतात, आणि तो सोडायला कुणी तयार नसतं.

मूर्ती सोळाव्या शतकात जेझुइट धर्मगुरूंनी पोर्तुगालहून आणली. १७०० साली अरबी चाचे आले. मूर्तीच्या हातातली वस्तू सोन्याची समजून त्यांनी उजवा हातच तोडला. १७३८-३९ च्या मराठा मोहिमेत प्रार्थनास्थळ पडलं आणि १७६० च्या सुमारास पुन्हा उभं राहिलं. मधल्या काळात खालच्या सेंट अँड्र्यूज चर्चमधल्या खलाशांच्या माउलीची मूर्ती इथे मान घेऊन होती, आणि कोळ्यांना समुद्रात तरंगती मूर्ती सापडल्याची कथा हिच्याच भोवती फिरते. आता टेकडीवर दुरुस्त केलेली जुनी मूर्तीच आहे. सध्याची इमारत १९०४ ची, वास्तुविशारद शापूरजी चंदाभॉय, म्हणजे पारशी. १९५४ मध्ये पोप पायस बारावे यांनी तिला बॅसिलिकेचा दर्जा दिला.

सण ८ सप्टेंबरला, मारियेच्या जन्माचा. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना. जत्रा ८ तारखेनंतरच्या रविवारी सुरू होते (८ लाच रविवार आला तर त्याच दिवशी) आणि पुढच्या रविवारपर्यंत चालते. दोन्ही रविवारी प्रार्थनेपेक्षा ढकलाढकलच जास्त होते. शांतपणे बसायचं असेल तर मधल्या वारी सकाळी लवकर जा. जत्रेच्या आठवड्यात टेकडीच्या रस्त्यांवर वाहनांना निर्बंध असतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी खालून चालावं लागेल हे धरूनच निघावं.

मेणाचे हातपाय, घरं, बाळं कशासाठी? पेटवायची का?

नाही, या आकृती पेटवायच्या नसतात. नेमून दिलेल्या जागी ठेवायच्या असतात. ज्या गोष्टीसाठी विनंती आहे किंवा आभार आहेत, तिचा आकार. पाय दुखतो तर पाय, घर हवं तर घर. ही चाल केवळ मुंबईची नाही. पोर्तुगालात फातिमालाही मेणाचे अवयव वाहतात. पेटवायची ती साधी मेणबत्ती, तीही बाहेरच्या स्टँडवर.

नवसाबद्दल थोडं कडक बोलायला हवं. "माझं काम कर, मग मी अमुक देईन" हा सौदा ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही. नवस बोलायला मनाई नाही, पण तो देवाला दिलेला शब्द मानला जातो, म्हणून झेपेल तेवढाच बोलावा. काम झालं नाही म्हणून मारिया कोपली, किंवा नवस फेडायचा राहिला म्हणून घरात आजारपण आलं, असं कुणी सांगितलं तर त्याला चर्चच्या शिकवणीत आधार नाही. कोप हा प्रकार मारियेच्या वाट्याला दिलेलाच नाही.

माहीमच्या तसबिरीत नेमकं काय आहे?

बहुतेक लोक वर्षानुवर्षं तिच्यासमोर उभे राहतात आणि तिच्याकडे नीट बघत नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

मूळ चित्र रोममध्ये सेंट अल्फान्सो चर्चमध्ये आहे: लाकडी फळीवर रंगवलेलं, जेमतेम ५४ सेंटिमीटर उंच, क्रीट बेटाच्या शैलीतलं. १८६६ पासून ते रिडेम्प्टरिस्ट या धर्मगुरूंच्या संघाच्या ताब्यात आहे. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये त्याची प्रत बसली आणि बुधवारची नोव्हेना सुरू झाली ती १९४८ मध्ये, ८ सप्टेंबरलाच. नाव 'नित्य साहाय्य करणारी माता'.

डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात देवदूत मायकेल: भाला, काठीवर खोचलेला स्पंज आणि आंबेचं, म्हणजे व्हिनेगरचं, भांडं. उजवीकडे गॅब्रिएल: क्रूस आणि खिळे. बाळ येशूला आपल्या मरणाची हत्यारं दिसली, तो घाबरून आईकडे धावला आणि धावताना एका पायातली चप्पल निसटली. ती बंदाला लटकते आहे. त्याने दोन्ही हातांनी आईचा उजवा हात धरला आहे. आता आईकडे बघा. ती बाळाकडे बघत नाही, तुमच्याकडे बघते. तिचा हात मुठीत आवळलेला नाही, उघडा आहे, बाळाकडे बोट दाखवणारा. वर दोन्ही बाजूंना ग्रीक अक्षरं आहेत, त्यांचा अर्थ 'देवाची आई'. ४३१ साली एफेसच्या परिषदेने हीच पदवी मान्य केली, आणि तिचा रोख मारियेपेक्षा येशूवर होता: जन्मलेलं बाळ खरोखर देव आहे, म्हणून आई देवाची.

नऊ बुधवार कसे करायचे? एखादा चुकला तर?

'नोव्हेना' हा शब्द लॅटिनमधल्या 'नऊ'वरून आला. येशू स्वर्गात गेल्यावर पवित्र आत्मा येईपर्यंतचे नऊ दिवस शिष्य मारियेसोबत प्रार्थनेत होते (प्रेषितांची कृत्ये १:१४), तो याचा नमुना. माहीमला नऊ सलग बुधवार करण्याची प्रथा आहे. दिवसभर वेगवेगळ्या वेळी आणि भाषांत प्रार्थना होतात, मराठीतही. वेळापत्रक बदलत असतं, त्यामुळे ते चर्चच्या फलकावर बघूनच ठरवा. माहीम स्टेशनवरून चालत जाता येतं. वांद्र्याहून रिक्षाने निघू नका, ती शहर हद्दीत येत नाही. टॅक्सी किंवा बस घ्या.

एक विनंती ठरवा, एकच. नऊही वेळा तीच ठेवा. प्रार्थनेनंतर अभिषेक किंवा मिस्सा (कम्युनियन असलेली मुख्य उपासना) असेल तर थांबायचं की नाही हे तुमच्यावर आहे. कम्युनियनच्या वेळी ख्रिस्ती नसलेल्यांनी रांगेत जाऊन होस्ट (पवित्र भाकरीची चकती) घेऊ नये, जागेवर बसून राहावं. हा कमीपणाचा भाग नाही. बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी तो संस्कारच नाही. चुकून हातात आलाच तर खिशात टाकू नका, घरी देव्हाऱ्यात नेऊ नका. लगेच देणाऱ्याला परत करा.

एखादा बुधवार पावसात, लोकल बंद पडल्यामुळे चुकला तर काही बिघडत नाही. घरीच ती प्रार्थना म्हणा किंवा पुढच्या बुधवारी मोजणी चालू ठेवा. 'पहिल्यापासून सुरू करावं लागतं' हा धाक लोकांनी एकमेकांना घातलेला आहे.

रोझरी कशी म्हणायची?

माळेत ५९ मणी असतात: ५३ लहान, ६ मोठे. क्रूस हातात धरून प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणायची. पहिल्या मोठ्या मण्यावर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. पुढच्या तीन लहान मण्यांवर एकेक 'नमो मारिया', मग पित्याची, पुत्राची, आत्म्याची स्तुती. दुसऱ्या मोठ्या मण्यावर पहिलं रहस्य (येशू-मारियेच्या आयुष्यातला प्रसंग) जाहीर करायचं आणि पुन्हा 'हे आमच्या पित्या'. मग पदकापुढे दहा लहान मणी, दहा 'नमो मारिया', शेवटी स्तुती. असे पाच दशक. पूर्ण माळेला वीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांत संपली तर तुम्ही धावताय.

रहस्यांचे वार: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. गुरुवारचा संच २००२ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी घातला, त्यामुळे आजीच्या जुन्या पुस्तकात तो नसतो.

नेहमी बिघडतं ते इथे: लोक मणी मोजतात आणि रहस्य विसरतात. रोझरीत 'नमो मारिया' हा तालासारखा मागे चालतो, मन त्या प्रसंगावर ठेवायचं असतं, म्हणजे येशूच्या जन्मावर, फटक्यांवर, पुनरुत्थानावर. म्हणून दशक सुरू करण्याआधी अर्धा मिनिट थांबा आणि प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मन भरकटलं तर मणी मागे नेऊ नका, तिथूनच पुढे चला. 'नमो मारिया'चा पहिला भाग लूक १:२८ आणि १:४२ मधला आहे. दुसरा, विनंतीचा भाग, सोळाव्या शतकात आजच्या रूपात पक्का झाला.

ख्रिस्ती नसलेल्यांनी म्हटली तर चालते. गळ्यात दागिना म्हणून घालणं मात्र बऱ्याच घरांत आवडत नाही.

मूर्तीच्या पायाखाली साप आणि चंद्रकोर का?

साप उत्पत्ती ३:१५ मधला, बाईच्या संततीने ज्याचं डोकं ठेचायचं तो. चंद्र पायाखाली, सूर्य पांघरलेला आणि बारा ताऱ्यांचा मुकुट हे प्रकटीकरण १२ मधून आलं. नागपूजेशी त्याचा संबंध नाही, उलटाच आहे.

'निष्कलंक गर्भसंभव' म्हणजे येशूचा कुमारीपोटी जन्म ना?

नाही, आणि ही चूक जन्माने कॅथलिक असलेलेही करतात. हा शब्द मारियेच्या स्वतःच्या गर्भसंभवाबद्दल आहे: तिच्या आईच्या, अण्णाच्या, पोटात ती मूळ पापाच्या डागाविना आली. सिद्धांत १८५४ मध्ये जाहीर झाला, सण ८ डिसेंबरला. त्यावर नऊ महिने मोजा, ८ सप्टेंबर येतो.

मारियाभक्ती म्हणजे जुन्या देवींचंच नवं रूप नाही का?

चित्रांपुरतं साम्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. बाळ होरसला पाजणारी इसिस आणि बाळ येशूला पाजणारी मारिया शेजारी ठेवल्या तर चित्रकारांनी काय पाहिलं होतं ते कळतं. 'देवाची आई' ही पदवी मान्य झाली तेही आर्तेमिस देवीच्या एफेस शहरात. पण रूप उसनं घेतलं म्हणून आशय उसना ठरत नाही. इसिस स्वतः वर देते. मारियेची सारी थोरवी दुसऱ्याकडून मिळालेली आहे, आणि ती स्वतः तसंच म्हणते (लूक १:४६–५५). हेच तिचं गीत सत्ताधीशांना सिंहासनावरून खाली ओढणाऱ्या देवाबद्दल बोलतं. रोजच्या सायंप्रार्थनेत ते म्हटलं जातं, तरी ते किती धारदार आहे हे मूर्तीच्या गोड चेहऱ्यामुळे लक्षात येत नाही.

उलट टोकालाही चर्चने लगाम घातला आहे. मारियेला 'सहमुक्तिदात्री' म्हणावं अशी मागणी अनेक वर्षं होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत विभागाने हा शब्द वापरणं योग्य नाही असं सांगून टाकलं.

मरिया माग्दालेना येशूची बायको होती का?

चारही शुभवर्तमानांत तसं काही नाही. ती वेश्या होती असंही नाही. ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तीन वेगवेगळ्या स्त्रिया एकत्र केल्या आणि तो शिक्का तिला चौदाशे वर्षं पुरला. बायको असल्याची चर्चा 'फिलिपचं शुभवर्तमान' या १९४५ मध्ये इजिप्तला सापडलेल्या ग्रंथावरून चालते. त्यात येशू तिचं चुंबन घेई असं वाक्य आहे, पण कुठे, हे सांगणारा शब्दच हस्तलिखितात फाटून गेला आहे. त्या भोकात लोकांनी कादंबऱ्या भरल्या.

खरं महत्त्वाचं योहान २० मध्ये आहे: पुनरुत्थित येशू पहिल्यांदा तिला भेटतो आणि प्रेषितांना निरोप तिच्याकरवी जातो. म्हणून तिला 'प्रेषितांची प्रेषित' म्हणतात. २०१६ मध्ये २२ जुलैचा तिचा दिवस प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा करण्यात आला.

प्रॉटेस्टंट मंडळी हे मानतात का?

मारियेला मान, तिच्याकडे प्रार्थना नाही. मुंबईतल्या मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये तिची मूर्ती दिसणार नाही. देवाची मातृरूपकं मात्र बायबलमधलीच असल्याने तिथे अडचण नसते, आणि त्यांतल्या काही पंथांत स्त्रियांना पाद्री होता येतं, जे कॅथलिक चर्चमध्ये होत नाही.

हे वाचून संपलं. ध्यान करायचं तर सुरुवात कुठून?

यशया ४९:१५ घ्या. एवढं एकच वचन, वीस मिनिटं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. वचन हळू तीनदा वाचा, दोनदा मोठ्याने. कुठला शब्द अडकतो ते बघा आणि पाच मिनिटं त्याच्यापाशीच थांबा, अर्थ लावू नका. मग जे सुचेल ते देवाला साध्या मराठीत बोला, ग्रांथिक भाषा नको. शेवटची पाच मिनिटं गप्प. आठवडाभर वचन तेच ठेवा. रोज नवं घेतलं की ते वाचन होतं, ध्यान होत नाही.

ज्यांना आईकडून माया मिळाली नाही त्यांना ही उपमा टोचते. तसं झालं तर जबरदस्ती करू नका. त्याच वचनाचा दुसरा अर्धा भाग, 'ती विसरली तरी', तिथून सुरू करा. किंवा लूक १५ मधली नाणं शोधणारी बाई घ्या. ती कुणाची आई आहे असं तिथे लिहिलेलं नाही. तिच्या हातात दिवा आणि झाडू आहे.